जुनी आल्फा रोमिओ स्पायडर घ्यावी का? आधी पत्रा बघा, मग इंजिन

जुन्या इटालियन स्पोर्ट्स गाड्यांपैकी पगारदार माणसाला झेपेल अशी एखादीच असते. आल्फा रोमिओ स्पायडर त्यातली आहे. १९६६च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा दिसली आणि १९९०नंतरही काही वर्षं बनत राहिली. एकूण सुमारे १ लाख २४ हजार गाड्या निघाल्या, त्यामुळे सुटे भाग आजही नवे मिळतात. पण बाजारात आलेल्या गाड्यांत वरून चकचकीत आणि आतून कुजलेल्याही भरपूर आहेत. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये किंवा युरोपात राहणारे आपले लोक ही गाडी घ्यायचा विचार करतात तेव्हा इंजिनाचा आवाज ऐकून भाळतात. तिथेच फसगत होते. या गाडीचं इंजिन कितीही थकलेलं असलं तरी ते पुन्हा बांधता येतं आणि खर्चाचा अंदाज आधी बांधता येतो. गंजलेल्या बॉडीचा खर्च मात्र वेल्डरने पत्रा कापल्याशिवाय कळत नाही. कापल्यावर कळतो तो बहुधा गाडीच्या किमतीपेक्षा जास्त असतो.

कोणती स्पायडर?

चार पिढ्या आहेत. पहिली १९६६ ते १९६९ची, गोल शेपटीची. हिला ड्युएट्टो म्हणतात, इटलीत ‘ओस्सो दि सेप्पिया’ म्हणजे माकुलीचं हाडही म्हणतात. १६०० सीसी इंजिनाच्या मूळ ड्युएट्टो सुमारे ६,३००च बनल्या, म्हणून भाव सगळ्यात चढा. दुसरी पिढी १९७०ची, मागून सपाट कापलेल्या शेपटीची. इंजिन १७५० आणि १९७१पासून २०००. तिसरी १९८३ची, डिकीच्या कडेला काळ्या रबरी स्पॉयलरची. चौथी १९९०ची, बॉडीच्याच रंगाच्या बंपरांची.

पहिल्यांदाच जुनी गाडी घेत असाल तर आमचं मत स्पष्ट आहे. युरोपात दुसऱ्या पिढीची २०००, दोन वेबर किंवा डेलॉर्टो कार्बोरेटरवाली घ्या. अमेरिकेत १९८२पासूनची, बॉशच्या पेट्रोल इंजेक्शनची घ्या. ड्युएट्टो फार देखणी आहे, पण तिच्या नाकाचा पत्रा आणि तिच्यापुरतेच असलेले छोटे भाग महाग पडतात, आणि चुकीची ड्युएट्टो घेण्याची किंमत इतर पिढ्यांपेक्षा कितीतरी जास्त असते.

अमेरिकेत विकलेल्या स्पायडरना १९६९ ते १९८१ स्पिका नावाचं यांत्रिक पेट्रोल इंजेक्शन होतं. त्याबद्दल लोक उगाच घाबरवतात. नीट लावलेली स्पिका उत्तम चालते. तिला बिघडवणाऱ्या तीन गोष्टी आहेत. पंपाच्या तळाशी स्वतंत्र ऑईल फिल्टर असतो, तो बदलायचाच राहून जातो. इंजिनाचं तापमान ओळखणारा थर्मोस्टॅटिक ॲक्च्युएटर मरतो, मग गरम इंजिनालाही थंडीतल्याइतकं पेट्रोल मिळत राहतं आणि सायलेन्सरमधून काळा धूर येतो. तिसरी गोष्ट पेट्रोलचा दाब. पंपातल्या दट्ट्यांना वंगण पेट्रोलचंच असतं, म्हणून डॅशबोर्डवरचा कमी दाबाचा दिवा चालत्या गाडीत लागत असेल तर पुढे चालवणं म्हणजे पंप मारणं. पुष्कळांनी स्पिका काढून वेबर बसवले आहेत. कॅलिफोर्नियात राहत असाल तर अशा गाडीपासून सावध राहा. तिथे १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना स्मॉग (धूर-प्रदूषण) चाचणी माफ आहे, १९७६ आणि नंतरच्यांना नाही, आणि त्या चाचणीत मूळ उपकरणं जागेवर आहेत का हेही बघतात. १९७८ची वेबरवाली स्पायडर कितीही सुंदर चालली तरी तिथे पास होणार नाही.

घरातून निघण्याआधी

विकणाऱ्याला फोनवर दोन गोष्टी सांगा. गाडी आम्ही येईपर्यंत सुरू करू नका, आणि जॅक लावून खालून बघू द्याल ना, हे आत्ताच सांगा. दुसऱ्याला नाही म्हणणाऱ्याकडे जाऊच नका. सोबत घ्यायच्या वस्तू: चांगली बॅटरी (टॉर्च), फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक, छोटा आरसा, हातमोजे, जुनी चादर, आणि जमल्यास रंगाची जाडी मोजणारं यंत्र. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. ३००च्या वर गेलात तर पुन्हा रंगवलेली जागा आहे. १,०००च्या वर गेलात तर खाली पुट्टी आहे.

चेसिस नंबर इंजिनच्या मागच्या पत्र्यावर ठोकलेला असतो. तो कागदांशी अक्षरन् अक्षर जुळवा. इंजिनावर नंबराआधी प्रकाराचा आकडा असतो: १६००ला ००५३६, १७५०ला ००५४८, युरोपातल्या २०००ला ००५१२. युरोपातल्या गाडीत आकडा वेगळा असेल तर इंजिन बहुधा बदललेलं आहे. ते पाप नाही, पण भाव कमी व्हायला हवा. मिलानजवळ अरेसे इथल्या आल्फा रोमिओच्या दस्तऐवज केंद्राकडून गाडीचा मूळ रंग, बनल्याची तारीख आणि ती कुठे पाठवली होती याचं प्रमाणपत्र मिळतं. ‘मूळ लाल’ म्हणून विकली जाणारी गाडी कारखान्यातून पांढरी निघालेली असू शकते, आणि ते या एका कागदावर कळतं.

पत्रा: इथे एक तास द्या

स्पायडरला पत्र्याचं छत नाही. छपराच्या गाडीत जे वजन छत आणि खांब उचलतात, ते इथे दाराखालच्या पेट्या उचलतात, ज्यांना सिल म्हणतात. सिल तीन पदरी असतात: बाहेरचा, मधला आणि आतला पत्रा. बाहेरचा दिसतो, म्हणून तो नवा लावून रंगवणं सोपं. मधला आणि आतला तसाच कुजलेला राहतो. हीच सगळ्यात जास्त होणारी लबाडी.

सिल कुजतो त्याचं कारण पाणी आहे. कापडी हुडावरून मागे ओघळणारं पावसाचं पाणी सीटच्या मागच्या कोपऱ्यांतल्या नळ्यांतून बाहेर जायला हवं. त्या नळ्यांत पालापाचोळा अडकला की पाणी आत उतरतं आणि सिलच्या पोटात साचतं. काचेखालच्या हवेच्या जाळीतही तसंच. तिथलं पाणी पायाजवळच्या फरशीवर येतं. म्हणून आधी नळ्या बघा, मग गंज शोधा. सीटमागचा गालिचा उचला, बोट कोपऱ्यात घाला. ओल लागली किंवा बोटावर तपकिरी भुकटी आली की त्या बाजूचा सिल संशयित.

आता खरी परीक्षा. गाडी सपाट जागेवर उभी करून दार बंद करा आणि दाराच्या मागच्या कडेची फट नीट बघा. वरपासून खालपर्यंत सारखी हवी. मग मागच्या चाकाजवळच्या जॅकच्या जागेखाली जॅक लावून चाक जमिनीपासून सुटेपर्यंत हळूहळू उचला. जॅकच्या जागी कुरकुर ऐकू आली किंवा पत्रा आत गेला तर लगेच खाली घ्या. त्या गाडीचं उत्तर तुम्हाला मिळालं. तसं झालं नाही तर उचललेल्या स्थितीत फट पुन्हा बघा, दार उघडून लावून बघा. फट वर मिटली, दार अडखळलं किंवा कुलूप लागेना, म्हणजे सिलमध्ये दम नाही आणि गाडी मधून वाकते आहे. दोन्ही बाजूंना हेच करा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नका, स्टँड लावा.

पुढची जागा डिकी. स्पेअर टायर बाहेर काढा. ज्या खोलगट जागेत तो बसतो तिथे पाणी साचतं आणि तळ चाळणी होतो. २००० मॉडेलमध्ये बॅटरीही डिकीत असते, तिच्याखालचा पत्रा ॲसिडने खाल्लेला असतो. नव्या काळ्या डांबरी रंगाचा जाड थर दिसला तर ती रक्षा समजू नका. जुन्या गाडीच्या तळाला ताजा डांबरी थर देणारा बहुतेक वेळा काहीतरी झाकत असतो. नखाने खरवडा, चुंबक टेकवा.

पुढचे मडगार्ड आणि नाक बोल्टने लावलेले नाहीत, वेल्ड केलेले आहेत. म्हणून पुढून धडकलेली स्पायडर नीट करणं महागडं. बॉनेट उघडून आतल्या जोडांवर कारखान्याच्या वेल्डचे सारख्या अंतरावरचे ठिपके दिसतात का ते बघा. एका बाजूला ठिपके आणि दुसऱ्या बाजूला सपाट घासलेला पत्रा असेल तर ती बाजू कापून लावली आहे. पुढच्या चाकांमागची जागा, मागच्या मडगार्डची कमान, दारांची खालची कड आणि पायाखालची फरशी अंगठ्याने दाबून बघा. चांगला पत्रा टणक लागतो, कुजलेला कागदासारखा हलतो.

सिल, फरशी आणि जॅकच्या जागा तिन्ही गेलेल्या असतील तर परत या. इंजिन नवं असलं तरी, भाव अर्धा असला तरी.

इंजिन: थंड असतानाच

आल्फाचं हे डबल कॅम इंजिन, ब्लॉक आणि हेड दोन्ही ॲल्युमिनियमचं. सिलिंडरचे लायनर (आतल्या नळ्या) सुटे निघतात. म्हणजे बोअर करायची गरज नाही, चार पिस्टन आणि चार लायनरचा संच विकत घेऊन बसवता येतो. व्हॉल्व्ह उघडणारे कॅम दुपदरी साखळीवर चालतात, त्यामुळे पट्टा तुटून व्हॉल्व्ह वाकण्याची भीती नाही. म्हणूनच इंजिन आम्ही दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो.

आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर विकणाऱ्याने आधीच सुरू करून ठेवली आहे आणि थंड सुरुवातीतले दोष तुम्हाला दिसणार नाहीत. ऑईलचं झाकण उघडा. खालच्या बाजूला दुधाळ, साईसारखा थर असेल तर ऑईलमध्ये पाणी गेलं आहे. रेडिएटरचं झाकण थंड असतानाच उघडून वर तेलाचा तवंग आहे का बघा. हेड गास्केट हा या इंजिनाचा ठरलेला कमजोर दुवा. हेडमध्ये ऑईल वर नेणाऱ्या छिद्रांभोवती छोट्या रबरी रिंगा असतात, त्या वयाने कडक होतात आणि ऑईल-पाणी एकत्र येतं. गास्केट बदलणं हे काम फार मोठं नाही. पण गाडी तशीच तापवत चालवली असेल तर हेड वाकतं, आणि मग प्लेन करावं लागतं.

सुरू करा. पहिल्या दोन-तीन सेकंदांत ऑईलच्या दाबाचा काटा चढायला हवा. पूर्ण गरम झाल्यावर आयडलला १० पीएसआयच्या आसपास चालतं, ३,००० आरपीएमला ५०च्या जवळ हवं. बॉश इंजेक्शनच्या गाड्यांत इनटेक कॅमवर व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणारा व्हेरिएटर असतो, तो झिजला की सुरुवातीला डिझेलसारखी खडखड येते. घाबरण्याचं कारण नाही, पण भावात धरायला हवं. समोरून साखळीचा सळसळाट येत असेल तर ताण बघा. या गाडीत तो हाताने लावायचा असतो, आणि पुष्कळांनी वर्षानुवर्षं लावलेलाच नसतो.

धुराचा रंग असा वाचा. चढावर पाय दाबल्यावर निळा धूर आला तर रिंगा झिजल्या. उतारावर पाय काढून ठेवला आणि पुन्हा दाबताना निळा आला तर व्हॉल्व्हचे गाईड आणि सील. गरम झाल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा येत राहिला तर गास्केट. कॉम्प्रेशन मोजता आलं तर चारही सिलिंडर एकमेकांच्या १० टक्क्यांच्या आत हवेत.

गिअर आणि खालचा भाग

पाच गिअरचा डबा पहिल्यापासूनच आहे. दुसरा गिअर त्याची दुखरी नस. थंड असताना दुसऱ्यात टाकताना हलका खर्रर आवाज बहुतेक गाड्यांत येतो. दहा-पंधरा मिनिटांनी गाडी गरम झाल्यावरही येत असेल, विशेषतः तिसऱ्यातून खाली दुसऱ्यात येताना, तर गिअर सहज जुळवणारी सिंक्रो रिंग गेली. आणखी एक तपासणी: दुसऱ्या गिअरमध्ये वेग घेऊन पाय अचानक काढा. गिअर स्वतःहून बाहेर उडाला तर डबा उघडावा लागणार. डब्यात कोणतं तेल आहे विचारा. सिंक्रो रिंगांना जीएल-५ प्रकारचं तेल मानवत नाही, जीएल-४ हवं.

प्रोपेलर शाफ्टच्या पुढच्या टोकाला जाड रबरी जोड असतो, त्याला मिस्त्री लोक जगभर ‘जुबो’ म्हणतात. आरशाने बघा. भेगा पडल्या असतील तर ८० ते १०० किलोमीटरच्या वेगाला सीटखाली थरथर जाणवते. मधल्या बेअरिंगचं रबर फाटलं तरी तेच होतं. दोन्ही स्वस्त, पण एकाच वेळी बदलायचे. मागच्या ॲक्सलला धरून ठेवणाऱ्या इंग्रजी टी आकाराच्या दांड्याची रबरं गेली तर वळणावर मागचं टोक डुलतं. एक्झॉस्टच्या बाजूचं इंजिन माउंट उष्णतेने बसतं, मग इंजिन एका अंगाला झुकलेलं दिसतं. ब्रेक चारही चाकांना डिस्क आहेत. गाडी वर्षभर उभी असेल तर कॅलिपर चिकटले असणार हे धरूनच चला. टायरवरचा चार आकडी शिक्का वाचा. २३१२ म्हणजे २०१२चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल असली तरी असे टायर टाकून द्यायचे.

विजेचं काम जुन्या पद्धतीचं, साधं आहे. बहुतेक ‘इलेक्ट्रिकल प्रॉब्लेम’ फ्यूजच्या गंजलेल्या टोकांचे आणि अर्थिंगचे निघतात, बारीक सॅंडपेपरने सुटतात.

हिशेब कसा करायचा

ठरलेली किंमत म्हणजे एकूण खर्च नव्हे. किमतीच्या २० ते ३० टक्के रक्कम पहिल्या वर्षाच्या कामासाठी बाजूला काढा, आणि ती काढल्यावर उरलेल्या पैशातच गाडी शोधा. हौसेने आख्खं बजेट गाडीत घालणारेच वर्षभरात ती पुन्हा विकायला काढतात. बसून बघण्याचाही हिशेब हवा. पाय दुमडलेले आणि हात लांब, अशी ही जुनी इटालियन बैठक आहे. सहा फुटांवरच्या माणसाने आधी हुड लावून अर्धा तास चालवून बघावं. एअरबॅग नाहीत, पावसात हुड थोडं गळणारच. रोज ऑफिसला न्यायची एकमेव गाडी म्हणून ती घेऊ नये.

कागदांत अमेरिकेत टायटलवर (मालकीच्या कागदावर) सॅल्व्हेजचा, म्हणजे मोडीत काढल्याचा, शिक्का नाही ना बघा, आणि कॅलिफोर्नियात बरीच वर्षं नोंदणी न भरलेली गाडी असेल तर थकबाकी तुमच्या गळ्यात येते. विमा ‘ठरलेल्या किमतीचा’ घ्या. नाहीतर अपघातानंतर कंपनी तिला चाळीस वर्षांची जुनी गाडी म्हणून मोजेल.

आता भारतात आणण्याचा विचार. मुंबईत कुर्ल्याला बनलेल्या फियाट अकराशे आणि पद्मिनीमुळे इटालियन गाडी म्हटली की आपल्याकडचे मिस्त्री आत्मविश्वासाने हात घालतात. कार्बोरेटर, पॉईंट, ब्रेक ही कामं ते नक्की करतील. पण स्पायडर निघाली तेव्हा आल्फा वेगळी कंपनी होती, फियाटकडे ती १९८६मध्ये आली. पद्मिनीचा एकही भाग हिला बसत नाही, आणि हिचे व्हॉल्व्ह शिम (पातळ चकत्या) बदलून लावायचे असतात, स्क्रू फिरवून नाही. प्रत्येक गास्केट परदेशातून मागवावं लागेल. नोंदणीसाठी २०२१च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपातली गाडी व्हिंटेज ठरते. तिला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, नवीन नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. अशी गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच. आयातीचे नियम आणि कर बदलत असतात. परदेशात पैसे पाठवण्यापूर्वी कस्टम्स एजंटकडून गाडीच्या बनावटीच्या वर्षासह लेखी उत्तर घ्या. किनाऱ्याजवळ राहत असाल तर बंद गॅरेज नसताना हा विचारच करू नका. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस सिलच्या पोटात जाऊन बसतो.

गाडी घरी आल्यावर, चालवण्याआधी

इंजिन ऑईल २०डब्ल्यू-५० भरा. तळाशी बाहेरून पट्ट्या (फिन) असलेलं मोठं ॲल्युमिनियमचं ऑईल पॅन असल्याने साडेसहा लिटरच्या आसपास लागतं, चार लिटरचा एक डबा पुरत नाही. कूलंट, ब्रेक ऑईल आणि गिअरचं तेल बदला. त्याआधीसुद्धा एक काम आहे, आणि ते करेपर्यंत किल्ली फिरवू नका: टाकीपासून इंजिनापर्यंतचे पेट्रोलचे सगळे रबरी पाइप. आजच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुनं रबर फुगवतं आणि चिरतं, आणि कार्बोरेटरच्या बाजूला झिरपलेलं पेट्रोल गरम इंजिनावर पडतं. इथेनॉलला टिकणारे पाइप आणि नवे क्लिप एकाच बैठकीत घाला. पंप चालू करून प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद धरा आणि पाच मिनिटांनी बघा. कागद कोरडा राहिला तरच पहिली फेरी मारा, आणि तेव्हाही सीटखाली अग्निशामक बांधलेला असू द्या.